ओढीचा हिशेब

हैदराबाद शहराच्या आग्नेय अंगाला दिलसुखनगर नावाची गजबजलेली वस्ती आहे. पुण्याहून निघून सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा या मार्गाने मछलीपट्टणच्या समुद्राला जाऊन मिळणारा राष्ट्रीय महामार्ग या वस्तीच्या मधोमध जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ९ होता, आता ६५ आहे. २०१८ सालापासून या रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रो धावते आणि तिच्या खांबांच्या दुतर्फा बसगाड्या, रिक्षा, शिकवणीवर्गांना निघालेले विद्यार्थी आणि मालाने भरलेल्या पिकअप गाड्या यांची दिवसभर दाटी असते. पलीकडेच कोत्तपेटला गड्डीअन्नारमचा फळबाजार कित्येक वर्षे भरत असे. तो २०२१ साली शहराबाहेर बाटसिंगारमकडे हलविण्याचा निर्णय झाला. आंबा, मोसंबी, द्राक्षे यांची ने-आण करणाऱ्या पिकअप चालकांची या रस्त्याशी जुनी ओळख आहे. अशा चालकाला त्याच्या धंद्याविषयी काही विचारावे, तर बोलणे फिरून फिरून एकाच शब्दावर येते. तो शब्द म्हणजे ‘ॲव्हरेज’. एका लिटर तेलात गाडी किती किलोमीटर जाते, यावर त्याच्या घरी संध्याकाळी काय उरणार हे ठरत असते.

हाच प्रश्न आता एका निराळ्या वाटेने मध्यमवर्गीय कुटुंबांपुढेही येऊ लागला आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि केरळनेही त्याच वर्षी तशीच योजना पुढे आणली. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. त्यात निजायला बिछाना, स्वयंपाकाला ओटा आणि बहुधा शौचकूपही असते. आपल्याकडे अशी घरे बहुतांशी मोटारीच्याच सांगाड्यावर बांधलेली असतात. मागे जोडून ओढून नेण्याची घरे अद्याप विरळ आहेत. तरीही कल्पना करावी की, दिलसुखनगरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला घरातल्या वृद्ध आजीला आषाढात पंढरपूरला न्यायचे आहे. आजीला तासन् तास बसवत नाही. वाटेत आडवे व्हावे लागते. शौचाची सोय हाताशी हवी. पिकअप गाडी घरचीच आहे. तिच्यामागे एक टन वजनाचे फिरते घर जोडले, तर प्रवास शक्य होईल. पण तेलाचा खर्च परवडेल काय? आजीची यात्रा घडणार की नाही, हे या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

उत्तर शोधताना पहिला विचार मनात येतो तो वजनाचा. गाडीमागे एक टन वाढला, तेव्हा तेल त्याच प्रमाणात वाढणार, असे कोणीही म्हणेल. ही समजूत आपल्याकडे बैलगाडीच्या काळापासून चालत आलेली आहे, आणि बैलगाडीपुरती ती अगदी खरी आहे. कडब्याची गाडी घराएवढी उंच दिसली, तरी बैल ती सहज ओढतात. वाळूची गाडी ठेंगणी दिसते, पण बैलांच्या तोंडाला फेस आणते. बैल तासाला चार किलोमीटर चालतो. त्या वेगात वाऱ्याचा अडथळा नगण्य असतो, आणि ओझे म्हणजे वजन एवढेच समीकरण उरते. परंतु तीच कडब्याची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने न्यायची म्हटले, तर हिशेब पार उलटतो. मग वजन मागे पडते आणि कडब्याचा उंच पसारा पुढे येतो.

हे कसे घडते ते समजण्यासाठी गाडीच्या चाकांना कोणकोणती कामे करावी लागतात ते पाहिले पाहिजे. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोनच गोष्टी अडवितात. पहिली, टायरांचा रोध. टायर रस्त्यावर टेकतो तेथे दबतो आणि पुढे सरकताच पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात काही शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. चांगल्या डांबरी रस्त्यावर हा रोध गाडीच्या वजनाच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो. माणसे व सामान धरून पिकअप दोन टनांची आणि मागचे घर एक टनाचे मानले, तर तीन टनांना तीस किलोची ओढ लागते. वेग थोडाफार वाढला तरी हा आकडा फारसा बदलत नाही.

दुसरा अडथळा हवेचा. हवा दिसत नाही म्हणून ती नाहीच असे माणसाला वाटते, पण धावत्या गाडीला ती सतत बाजूला सारावी लागते, आणि गाडी पुढे गेल्यावर मागे जी पोकळी व भोवरे उरतात तेही गाडीला मागे खेचतात. या रोधाचा नियम मोठा कठोर आहे. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. शिवाय तो वजनावर अवलंबून नाही. समोरून दिसणारा आकार किती मोठा आणि किती बोथट आहे यावर अवलंबून आहे. पिकअपच्या टपाहून उंच आणि तिच्याहून रुंद असे चौकोनी घर मागे जोडले, तर हवेचा रोध सहज दुप्पट होऊ शकतो. मग ते घर आतून रिकामे असो वा भरलेले!

आता ढोबळ आकडे मांडून पाहावेत. घर जोडलेल्या अशा गाडीला ताशी ६० किलोमीटर वेगात हवेचा रोध सुमारे ४० किलो आहे असे धरले, तर ताशी ८० ला तो ७० किलोंच्या घरात जातो आणि ताशी १०० ला ११० किलो होतो. त्यांत टायरांचे तीस किलो मिळविले, म्हणजे एकूण ओढ अनुक्रमे ७०, १०० आणि १४० किलो होते. वजन तिन्ही वेळा तेच, घर तेच, रस्ता तोच. पण ओढ मात्र ६० वरून १०० वर जाताना दुप्पट झाली.

या ओढीचे तेलात रूपांतर करणेही अवघड नाही. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. एक टन ओझे शंभर मीटर उंच चढविण्यास जेवढी ऊर्जा लागते ती जवळजवळ एक मेगाज्यूल होय. परंतु ही सगळी ऊर्जा चाकांपर्यंत पोचत नाही. रुडॉल्फ डीझेल याच्या इंजिनाची १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्ग येथे चाचणी झाली, तेव्हा तेलातल्या ऊर्जेचा केवळ चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग कामी आला होता, आणि तेवढ्यानेही त्या काळचे तज्ज्ञ चकित झाले, कारण वाफेची इंजिने त्याच्या कितीतरी मागे होती. आजची इंजिने त्याहून सरस आहेत. तरी धूर, उष्णता आणि गिअरांचे घर्षण यांत जाणारा वाटा वजा करता, रस्त्यावरच्या रोजच्या वापरात लिटरमागे दहा मेगाज्यूल चाकांच्या पदरी पडतात असे धरणे सोयीचे आहे. या हिशेबाने वरच्या गाडीला शंभर किलोमीटरसाठी ताशी ६० वेगात सुमारे ७ लिटर, ८० वेगात १० लिटर आणि १०० वेगात १४ लिटर डिझेल लागेल. प्रत्येक गाडीचे आकडे थोडे निराळे येतील, पण त्यांचे परस्परांशी नाते साधारण हेच राहील.

हैदराबाद ओलांडल्यावर सोलापूरपर्यंतचा महामार्गाचा टप्पा सुमारे ३०० किलोमीटरांचा धरावा. ताशी ६० ने गेल्यास २१ लिटर, ८० ने गेल्यास ३० लिटर. जाता-येता मिळून १८ लिटरांचा फरक पडतो. आणि त्या बदल्यात वेळ किती जातो? एका फेरीला पाच तासांऐवजी पावणेचार तास, म्हणजे सव्वा तास. ज्या आजीसाठी हा सारा खटाटोप, तिला सव्वा तास उशिरा पोचण्याचे दुःख नाही. संथ चालणाऱ्या गाडीत तिला हादरेही कमीच बसतील.

ही केवळ कागदावरची गोष्ट नव्हे. १९७३ साली अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला, तेव्हा अमेरिकेने पहिल्यांदा जे उपाय योजले त्यांत वेगावर लगाम हा एक होता. १९७४ च्या जानेवारीत सबंध देशाच्या महामार्गांवर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही कमाल मर्यादा घालण्यात आली, आणि ती पुढे १९९५ साली पूर्णपणे उठविण्यात आली. आपल्या देशात १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था मोटारचालकांना ताशी ४५ ते ५५ किलोमीटरच्या वेगाची शिफारस करीत आली आहे. ज्या देशाला आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी पाचांतील चार भागांहून अधिक तेल परदेशातून आणावे लागते, त्या देशात हा उपदेश केवळ घरखर्चापुरता उरत नाही.

येथे आषाढातल्या यात्रेकरूने आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दख्खनच्या पठारावर पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो. हैदराबादहून सोलापूरकडे जाणारा मनुष्य पश्चिमेला जातो, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जातो. गाडीचा काटा ६० दाखवीत असला आणि समोरून ताशी २० चा वारा येत असला, तर हवेच्या दृष्टीने ती गाडी ८० नेच चालली आहे. ओढ सत्तर किलोंवरून शंभरावर जाते आणि चालक मात्र ‘आज गाडीला काय झाले’ म्हणून इंजिनावर संशय घेतो. अशा दिवशी पहाटे, वारा पडलेला असताना, निघणे शहाणपणाचे. परतीच्या वाटेवर तोच वारा पाठीशी येतो आणि घेतलेल्यातले थोडेबहुत परत देतो.

चढाविषयीची भीतीही अशीच तपासून घेण्याजोगी आहे. हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. विजयवाडा कृष्णेच्या काठी जवळजवळ समुद्राच्याच पातळीला आहे. विजयवाड्याहून दिलसुखनगरला परत येणाऱ्या गाडीला तीन टन ओझे ५०० मीटर वर चढवावे लागते. त्याची किंमत पंधरा मेगाज्यूल, म्हणजे दीड लिटर डिझेल. त्याच पावणेतीनशे किलोमीटरांत ६० ऐवजी ८० चा वेग धरला, तर आठ लिटरांहून अधिक तेल जास्त जळते. चढ डोळ्यांना दिसतो, इंजिन कण्हते ते कानांना ऐकू येते, म्हणून तो मनात भरतो. वारा मुकाट्याने पाचपट घेऊन जातो आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

मग वजनाला काहीच महत्त्व नाही काय? आहे, आणि ते दिलसुखनगरातच कळते. महामार्गावर वजन गौण ठरते, पण थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी रहदारीत तेच प्रधान होऊन बसते. तीन टनांची गाडी ताशी ४० पर्यंत वेगात आणण्यास जी शक्ती खर्च होते, ती ब्रेक दाबताच उष्णता होऊन उडून जाते. एका वेळचा तोटा अठरा मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे डिझेल. हे थोडके वाटते. परंतु मलकपेट, दिलसुखनगर, चैतन्यपुरी, कोत्तपेट, एल. बी. नगर या गर्दीच्या ओळीत पन्नास वेळा वेग घेतला आणि पन्नास वेळा ब्रेक दाबला, की एक लिटर डिझेल ब्रेकच्या पट्ट्या तापविण्यात गेले. त्यांतला तिसरा हिस्सा एकट्या मागच्या घराचा असतो. सिग्नलवर इंजिन नुसते घुरघुरत ठेवण्याचे तेल वेगळे. ते तासाला अर्धा ते एक लिटर होते.

सारांश, सगळ्या हिशेबाचे सूत्र दोन शब्दांत सांगता येते. शहरात वजन, महामार्गावर वारा. हे सूत्र एकदा मनात ठसले, म्हणजे पुढचे सारे उपाय त्यातून आपोआप निघतात. गर्दीतून जायचे तर पहाटे पाचला निघावे, म्हणजे थांबे कमी होतील. पुढचा सिग्नल तांबडा दिसताच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा आणि गाडी गिअरमध्येच ठेवून हळूहळू पुढे जाऊ द्यावी. शेवटच्या क्षणी ब्रेक दाबणारा चालक आधी विकत घेतलेली गती फेकून देत असतो. पाण्याची टाकी शहरातून निघताना काठोकाठ भरू नये. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. ते शहराबाहेर पडल्यावरही भरून घेता येते. महामार्गावर मात्र टपावर बांधलेली शिडी, फडफडणारी ताडपत्री, उघडी खिडकी यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे. वजनाने त्या क्षुल्लक असतात, पण हवेला अडविण्यात त्यांचा वाटा मोठा असतो.

टायरांतील हवा ही दोन्हीकडे सारखीच महत्त्वाची. हवा कमी असलेला टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि अधिक तेल खातो. पुढच्या गाडीचे टायर चालक नेमाने तपासतो, पण मागे ओढल्या जाणाऱ्या गाडीचे टायर महिनोन् महिने कोणी पाहत नाही. प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असताना, भाराला योग्य असा दाब भरून घ्यावा.

काही चालक उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात आणि तेल वाचल्याचे समाधान मानतात. हा भ्रम आहे, आणि मागे ओझे जोडलेले असताना तो जीवघेणाही ठरू शकतो. आजच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असेल, तर उतारावर तेलाचा पुरवठा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी थोडे तेल जळतच राहते. शिवाय इंजिनाचा लगाम सुटल्याने सारा भार ब्रेकवर पडतो. ज्यांनी पुण्याकडून बोरघाट उतरून खोपोली गाठली आहे, त्यांना तापलेल्या ब्रेकचा वास परिचित असेल. तीन टनांची जोडगाडी अशा उतारावर खालच्या गिअरमध्येच उतरविली पाहिजे. वेगाच्या बाबतीतही काटकसर आणि सुरक्षितता हातात हात घालून चालतात. ताशी ८० वेगातल्या गाडीत ताशी ४० च्या चौपट गतिशक्ती असते, आणि थांबविताना ब्रेकला ती सगळी पचवावी लागते. सामानाची मांडणीही तशीच. मागच्या घरातले जड सामान अगदी शेवटी ठेवले, तर ते घर महामार्गावर शेपटासारखे डोलू लागते. जड वस्तू आसाच्या जवळ, किंचित पुढे आणि तळाशी ठेवाव्यात, आणि हुकावर पडणारा भार निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत असावा.

शेवटी प्रश्न उरतो तो खरे ॲव्हरेज जाणून घेण्याचा. पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था गाड्यांच्या चाचण्या घेते, आणि जाहिरातींतून झळकणारे आकडे अशा चाचण्यांतून येतात. ते खोटे नसतात. पण प्रयोगशाळेतल्या रुळांवर, ठराविक वेगक्रमाने आणि मागे काहीही न जोडता चालविलेल्या गाडीचे ते आकडे असतात. ज्याच्यामागे घर आहे, त्याने ते आपले समजू नयेत. आपला आकडा आपणच काढावा. पंपाची नळी आपोआप थांबेपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा, दोनतीनशे किलोमीटर गेल्यावर शक्यतो त्याच पद्धतीने पुन्हा टाकी भरावी, आणि धावलेल्या अंतराला भरलेल्या लिटरांनी भागावे. शेजारी वेग, वारा आणि ओझे यांची नोंद ठेवावी. चार फेऱ्यांत ती वही कोणत्याही जाहिरातीहून अधिक सांगू लागते.

फळांच्या पेट्या पोचविणारा चालक असो, की आजीला पंढरीला नेणारा नातू असो, दोघांनाही इंजिन बदलता येत नाही, तेलाचा भाव ठरविता येत नाही आणि रस्ताही निवडता येत नाही. त्यांच्या हाती निघण्याची वेळ आहे आणि उजव्या पायाखालचा वेग आहे. एका फेरीत सव्वा तास अधिक देऊन नऊ लिटर डिझेल वाचत असेल, तर जो प्रवास न परवडणारा म्हणून घरीच राहणार होता, तो घडून येऊ शकतो. आणि पिकअपवर पोट असलेल्या माणसाला हे गणित वर्षातून एकदा नव्हे, रोज मांडावे लागते; महिन्याच्या शेवटी त्याच्या हाती जे उरते, त्यातला मोठा भाग त्याने रस्त्यावर धरलेल्या धीराचा असतो.